प्रतिकारपेशी आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचं निदान झालं की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी म्हणतंच, "प्रतिकारशक्ती कमी पडली असेल." त्या वाक्यात तथ्य आहे, पण फार थोडं. प्रतिकारपेशी आणि गाठ यांचं नातं वर्षानुवर्षं चाललेल्या भाऊबंदकीसारखं असतं: कधी उघड मारामारी, कधी अबोला, कधी चक्क हातमिळवणी. खालचे प्रश्न रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि नुसतंच कुतूहल असलेले वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणूनच कॅन्सर होतो का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा आतड्याचा कॅन्सर झालेल्या बहुसंख्य लोकांची प्रतिकारशक्ती निदानाच्या दिवशी ठीकठाक असते. त्यांची सर्दी आठवड्यात बरी होते, जखमा भरतात, रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचे आकडे जागच्या जागी असतात.

प्रतिकारशक्ती खरोखरच दबलेली असते तेव्हा काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना नवा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. त्यांच्यात त्वचेच्या काही कॅन्सरचं आणि लिम्फोमाचं (एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचं) प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. उपचार न झालेल्या एचआयव्ही रुग्णांत कापोसी सार्कोमा हा एरवी दुर्मिळ असलेला कॅन्सर दिसतो. १९८१ मध्ये एड्सची चाहूल लागली ती काही अंशी याच रुग्णांमुळे. पण यातले बरेचसे कॅन्सर विषाणूंमुळे होणारे आहेत. कापोसीमागे एचएचव्ही-८ असतो, प्रत्यारोपणानंतरच्या लिम्फोमामागे बऱ्याचदा एप्स्टाइन-बार विषाणू. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण या लोकांत फारसं वाढत नाही. म्हणजे पहारा उठला की काही विशिष्ट चोर आत शिरतात. सगळ्याच चोऱ्यांचं खापर पहारेकऱ्यावर फोडता येत नाही.

शरीरात रोज कॅन्सरच्या पेशी तयार होतात आणि रोज मारल्या जातात, हे खरं आहे का?

हे वाक्य बहुतेकदा एखाद्या भल्या मोठ्या आकड्यासकट फिरतं. तो आकडा सोडून द्या. पेशी विभागताना डीएनएच्या नकलेत चुका होतात, हे खरं. त्यातल्या बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते, आणि दुरुस्ती जमली नाही तर बरेचदा स्वतःला संपवते. प्रतिकारपेशींची पाळी या दोन्ही चाळण्यांतून निसटलेल्या पेशींवर येते.

ही कल्पना जुनी आहे. पॉल एर्लिख यांनी १९०९ मध्ये ती मांडली, आणि १९५०च्या दशकात बर्नेट आणि थॉमस यांनी तिला 'पहाऱ्या'च्या सिद्धांताचं रूप दिलं. पुढे १९७४ मध्ये स्टुटमन यांनी थायमस ग्रंथी (टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशी जिथे घडतात ती) नसलेल्या उंदरांवर प्रयोग केले. त्या उंदरांना इतरांपेक्षा जास्त गाठी झाल्या नाहीत, आणि सिद्धांत जवळजवळ अडगळीत गेला. मेख अशी होती, की त्या उंदरांमध्ये एनके पेशी (दुसऱ्या प्रकारच्या मारक प्रतिकारपेशी) शाबूत होत्या आणि थोड्याफार टी-पेशीही होत्या. पहारा पूर्ण उठलाच नव्हता.

२००१ मध्ये रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने टी आणि बी पेशी मुळीच नसलेले उंदीर घेतले. त्यांना गाठी जास्त झाल्या. पण खरी बहार पुढच्या प्रयोगात आहे. प्रतिकारपेशी नसलेल्या उंदरात वाढलेल्या गाठी काढून निरोगी उंदरांत लावल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच नाकारल्या गेल्या. उलट निरोगी उंदरात वाढलेल्या गाठी दुसऱ्या निरोगी उंदरात बिनबोभाट वाढल्या. पहारा असलेल्या घरात वाढलेली गाठ पहारेकऱ्याला चुकवायला आधीच शिकलेली असते. प्रतिकारपेशी सहज ओळखू येणाऱ्या पेशी मारतात, लपण्यात तरबेज असलेल्या मागे राहतात, आणि गाठ त्यांचीच बनते. म्हणून या प्रक्रियेचे तीन टप्पे सांगितले जातात: नायनाट, समतोल आणि निसटणं.

समतोल म्हणजे नेमकं काय? तो किती काळ टिकतो?

गाठ संपलेली नसते, वाढतही नसते. प्रतिकारपेशींनी तिला दाबून धरलेलं असतं. किती काळ, याचं एक अंगावर काटा आणणारं उदाहरण स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये नोंदवलं. एका व्यक्तीची मेलॅनोमाची (त्वचेच्या एका घातक कॅन्सरची) शस्त्रक्रिया १६ वर्षांपूर्वी झाली होती आणि ती बरी झाली असंच सगळे धरून चालले होते. मृत्यूनंतर तिची मूत्रपिंडं दान झाली. ती ज्या दोघांना बसवली, त्या दोघांनाही मेलॅनोमा झाला. दात्याच्या शरीरात १६ वर्षं गप्प बसलेल्या पेशी, प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात जाताच जाग्या झाल्या.

कॅन्सरची पेशी तर आपलीच. मग प्रतिकारपेशींना ती परकी कशी वाटते?

आपल्या शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत पृष्ठभागावर मांडून ठेवतात. हे तुकडे ज्या रेणूंवर मांडलेले असतात त्यांना एचएलए म्हणतात. टी-पेशी येता-जाता हे तुकडे चाचपून बघतात. थायमसमध्ये वाढताना, स्वतःच्या नेहमीच्या तुकड्यांवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी बहुतांशी बाद केलेल्या असतात. त्यामुळे उरलेल्यांना ओळखीचा तुकडा दिसला तर त्या पुढे जातात. कॅन्सरच्या पेशीत जनुकं बिघडलेली असतात, म्हणून काही प्रथिनंही बदललेली असतात. असा नवखा तुकडा दिसला की टी-पेशी थबकते.

ज्या कॅन्सरमध्ये जनुकांचे बिघाड जास्त, तिथे असे नवखे तुकडेही जास्त. उन्हातल्या अतिनील किरणांनी होणारा मेलॅनोमा आणि धूम्रपानाने होणारा फुप्फुसाचा कॅन्सर यांत ते भरपूर असतात. हे दोन्ही कॅन्सर इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारपेशींनाच कामाला लावणाऱ्या उपचाराला, बरा प्रतिसाद का देतात, याचं एक कारण इथे आहे.

गाठीने तुकडे मांडणंच बंद केलं तर? बऱ्याच गाठी तेही करतात. तिथे एनके पेशी, म्हणजे नैसर्गिक मारक पेशी, उपयोगी पडतात. १९७०च्या दशकाच्या मध्यात सापडलेल्या या पेशींचा हिशेब टी-पेशींच्या उलटा आहे. टी-पेशी विचारते, "काही नवीन दिसतंय का?" एनके पेशी विचारते, "जे दिसायला हवं ते दिसत का नाही?" स्वीडनच्या क्लास कार्रे यांनी १९८०च्या दशकात हा उलगडा केला. मला तो प्रतिकारशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो.

गाठीच्या आसपास आणखी कोणत्या पेशी असतात?

डेंड्रिटिक पेशी गाठीतून पुरावा उचलतात आणि जवळच्या लिम्फ नोडमध्ये नेऊन टी-पेशींना दाखवतात. त्यांच्याशिवाय टी-पेशींची मोहीम सुरूच होत नाही. मॅक्रोफेज या भक्षकपेशी कचरा खातात आणि वेळेला गाठीच्या पेशीही गिळतात. बी-पेशी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतात. रेग्युलेटरी टी-पेशींचं काम इतर टी-पेशींना आवरण्याचं; त्या नसतील तर शरीर स्वतःवरच हल्ला करतं. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली, आणि २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत याच विषयातल्या कामासाठी मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा काप बघितला तर कॅन्सरच्या पेशींइतकीच ही बाकीची गर्दी डोळ्यांत भरते.

इतका फौजफाटा असूनही गाठ वाढते कशी?

तिच्या युक्त्या बऱ्याच आहेत, आणि एकच गाठ एकाच वेळी अनेक वापरते. तुकडे मांडणं बंद करणं ही एक. पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन आणून जवळ आलेल्या टी-पेशीचा ब्रेक दाबणं ही दुसरी. हा ब्रेक शरीराने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेला आहे. संसर्ग संपल्यावर टी-पेशी थांबल्या नाहीत तर निरोगी अवयवांचं वाटोळं होईल. गाठ फक्त तो चोरून वापरते. तिसरी युक्ती म्हणजे रेग्युलेटरी टी-पेशींना बोलावून घेणं. चौथी, सीडी४७ नावाचं प्रथिन वाढवून भक्षकपेशींना 'मला खाऊ नकोस' असा निरोप देणं. शिवाय गाठीच्या आत प्राणवायू कमी, साखर कमी, आम्लता जास्त. अशा जागी टी-पेशींना काम करणंच जड जातं.

आणि थकवा. हा शब्द प्रतिकारशास्त्रात अगदी याच अर्थाने वापरतात. महिनोन् महिने समोर तोच शत्रू दिसत राहिला की टी-पेशी थकतात: जिवंत असतात, गाठीत हजर असतात, पण मारत नाहीत.

प्रतिकारपेशी कॅन्सर वाढवतात असंही वाचलं. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा' या सल्ल्यातली सगळ्यात मोठी फट इथेच आहे.

गाठींमध्ये पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच पाहिलं होतं, आणि जुनाट दाहाच्या जागी कॅन्सर उगवतो असं त्यांचं मत होतं. ते पुढे खरं ठरलं. हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षं राहिला तर यकृताचा कॅन्सर, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे जठराचा, मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहात आतड्याचा. या सगळ्या ठिकाणी प्रतिकारपेशी आळशी नसतात; उलट त्या वर्षानुवर्षं अखंड राबत असतात. त्यांनी सोडलेली तिखट रसायनं शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. मेलेल्या पेशींची जागा भरायला नव्या पेशी भराभर विभागतात, आणि प्रत्येक विभाजनात चुकीची एक संधी असते.

गाठ झाल्यावरही हा प्रकार थांबत नाही. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला कधीच न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली, ती चपखल आहे. जखम झाली की मॅक्रोफेज येतात, आधी जंतू मारतात, मग सूर बदलून डागडुजीला लागतात: नव्या रक्तवाहिन्या, वाढीचे संदेश, मोकळी वाट. गाठ त्यांना या दुसऱ्या सुरातच अडकवून ठेवते. गाठीला रक्त मिळतं, तिच्या पेशींना बाहेर पडायला वाट मिळते, आणि हे सगळं आपल्याच पेशी निष्ठेने करत असतात. म्हणून अनेक कॅन्सरमध्ये गाठीत मॅक्रोफेजची गर्दी असणं हे वाईट लक्षण समजतात, तर मारक टी-पेशींची गर्दी चांगलं. २००६ मध्ये जेरोम गालों यांच्या गटाने आतड्याच्या कॅन्सरबाबत दाखवून दिलं, की गाठीत कोणत्या प्रतिकारपेशी आहेत, किती आहेत आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून रुग्णाचं पुढचं भवितव्य बऱ्यापैकी सांगता येतं.

इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध का?

सर्वांत जास्त वापरली जाणारी इम्युनोथेरपी ब्रेक काढते. जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की टी-पेशीवरचा सीटीएलए-४ हा ब्रेक प्रतिपिंडाने झाकला तर उंदरांमधल्या गाठी विरघळतात. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये पीडी-१, म्हणजे पीडी-एल१ ज्याला दाबतं तो टी-पेशीवरचा ब्रेक, सापडला होता. शोध पेशी मरतात कशा याचा चालला होता, हाती लागला ब्रेक. दोघांना २०१८चं नोबेल मिळालं. सीटीएलए-४ वरचं इपिलिमुमॅब अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, पीडी-१ वरची पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ मध्ये.

ही औषधं गाठीला हातही लावत नाहीत. ती टी-पेशींना मोकळं करतात. पुढचं काम टी-पेशींचं. त्यामुळे गाठ ओळखणाऱ्या टी-पेशीच नसतील, तर ब्रेक काढून काही हलत नाही.

या सगळ्याच्या खूप आधी, १८९१ मध्ये, न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी सार्कोमाच्या (हाडं-स्नायूंसारख्या ऊतींच्या कॅन्सरच्या) रुग्णाला मुद्दाम जिवाणू टोचले होते. कडक ताप आल्यावर काही गाठी वितळतात हे त्यांच्या पाहण्यात आलं होतं. परिणाम बेभरवशाचे होते, रेडिएशन आलं आणि कोली मागे पडले. पण त्याच जातीचा एक उपचार आजही रोज वापरात आहे: मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये क्षयाची बीसीजी लस थेट मूत्राशयात सोडतात. १९७६ मध्ये अल्वारो मोरालेस यांनी तिचे पहिले परिणाम प्रसिद्ध केले.

मग इम्युनोथेरपी सगळ्यांना का लागू पडत नाही?

डॉक्टर मंडळी गाठींना 'गरम' आणि 'थंड' म्हणतात. गरम गाठीत टी-पेशी आधीच शिरलेल्या असतात, फक्त अडवलेल्या असतात. थंड गाठीत त्या पोचलेल्याच नसतात, किंवा वेशीवर ताटकळत असतात. स्वादुपिंडाचा कॅन्सर बहुधा थंड. त्यात ब्रेक काढणारी औषधं एकटी फारशी चालत नाहीत. मेलॅनोमात पीडी-१ वरचं औषध एकटं दिलं तर साधारण १० पैकी ४ जणांच्या गाठी ठळकपणे आकसतात.

काही गाठींमध्ये डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली असते. त्यांत बिघाड हजारोंनी साचतात आणि नवखे तुकडेही. अशा गाठींसाठी २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि ती कोणत्या अवयवाचा कॅन्सर हे न बघता. असं पहिल्यांदाच घडलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधून गुदाशयाच्या अशाच कॅन्सरचा एक छोटा अभ्यास आला. पीडी-१ वरच्याच डोस्टारलिमॅब या औषधाचा कोर्स पूर्ण केलेल्या पहिल्या १२ रुग्णांपैकी बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया नाही, रेडिएशन नाही. बातम्यांनी त्याला 'कॅन्सरवरचं रामबाण औषध' करून टाकलं. तो चमत्कार गुदाशयाच्या कॅन्सरच्या एका छोट्या गटापुरता होता, हे शेवटच्या परिच्छेदात गेलं. म्हणून बातमी वाचून डॉक्टरांकडे धावण्यापेक्षा, गाठीची एमएमआर किंवा एमएसआय तपासणी (ही दुरुस्तीची यंत्रणा मोडली आहे का हे सांगणारी) झाली आहे का, हे विचारलेलं बरं.

कार-टी काय आहे?

रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्या परत सोडतात. त्या जनुकामुळे टी-पेशीला पृष्ठभागावर असा ग्राही रेणू फुटतो, जो एचएलएवरच्या तुकड्यांची वाट न बघता थेट कॅन्सरपेशीवरचं प्रथिन पकडतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे लक्ष्य बहुधा सीडी१९ असतं. ते निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मारल्या जातात. पण बी-पेशींशिवाय माणूस उपचाराच्या आधारावर जगू शकतो. घन गाठींमध्ये अडचण नेमकी इथे येते. फुप्फुसाच्या गाठीवरचं लक्ष्य निरोगी फुप्फुसावरही असेल, तर तो सौदा परवडत नाही.

पहिली कार-टी २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिचा सर्वांत धाकाचा दुष्परिणाम म्हणजे सायटोकाइनचं (प्रतिकारपेशींच्या संदेशरसायनांचं) वादळ: लाखो टी-पेशी एकदम चवताळतात, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात या उपचाराखाली असलेली एक लहान मुलगी याच वादळात अत्यवस्थ झाली. डॉक्टरांनी संधिवातासाठी असलेलं टोसिलिझुमॅब देऊन बघितलं आणि ती सावरली. तेव्हापासून ते औषध अशा वादळावरचा नेहमीचा उपाय झालं आहे.

केमो तर प्रतिकारपेशी मारते. मग दोन्ही एकत्र का देतात?

केमोने भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात, त्यात अस्थिमज्जेतल्या पेशीही येतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घसरतात, म्हणून केमोनंतर ताप आला की वाट न बघता रुग्णालय गाठायचं असतं. पण काही केमो औषधांनी कॅन्सरपेशी अशा मरतात, की मरता मरता धोक्याचे संदेश सोडतात आणि डेंड्रिटिक पेशींना जागं करतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो आणि पेम्ब्रोलिझुमॅब एकत्र देणं आता नेहमीचं आहे.

रेडिएशनचंही असंच. क्वचित एका गाठीला किरण दिले की दूरची, किरण न लागलेली गाठही आकसते. या परिणामाला १९५३ मध्ये नाव मिळालं, ॲबस्कोपल. त्याची आशा धरून कुणी रेडिएशन घेऊ नये, इतका तो दुर्मिळ आहे.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम केमोपेक्षा सौम्य असतात ना?

वेगळे असतात, असं म्हणणं जास्त प्रामाणिक. केस सहसा जात नाहीत, उलट्या कमी. पण ब्रेक काढलेल्या टी-पेशी कुठेही भरकटू शकतात: त्वचेवर पुरळ, आतड्याला सूज येऊन जुलाब, थायरॉइडचं बिनसणं, यकृताचा किंवा फुप्फुसांचा दाह. हृदयाच्या स्नायूंचा दाह क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. आणि हे सगळं उपचार संपल्यावर कित्येक महिन्यांनीही उद्भवू शकतं.

त्यामुळे जुलाब लागले म्हणून परस्पर गोळी घेऊन दडपू नका, नवा कोरडा खोकला किंवा धाप अंगावर काढू नका. वेळेत कळलं तर बहुतेक त्रास स्टेरॉइडने आटोक्यात येतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'माझी इम्युनोथेरपी झाली आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. 'केमो' म्हणालात तर त्यांचा विचार भलत्याच दिशेला जाईल.

सुरुवातीच्या स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसली. उपचार फसला का?

कधीकधी गाठ फुगते ती तिच्यात घुसलेल्या प्रतिकारपेशींमुळे, आणि पुढच्या स्कॅनमध्ये आकसते. हे थोड्याच रुग्णांत घडतं. जास्त वेळा मोठी दिसणारी गाठ खरोखरच वाढलेली असते. म्हणून डॉक्टर रुग्णाची एकूण तब्येत बघतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात.

कॅन्सरवर लस आहे का?

कॅन्सर होऊ नये म्हणून दोन आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत: हिपॅटायटिस बीची आणि एचपीव्हीची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या विषाणूच्या कामासाठी २००८चं नोबेल मिळालं. प्रतिकारपेशींना कॅन्सरविरुद्ध कामाला लावण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग माणसाला अजून सापडलेला नाही.

झालेल्या कॅन्सरवरची लस हे जास्त अवघड प्रकरण. प्रोस्टेटसाठी सिप्युल्यूसेल-टी २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, तिने आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. रुग्णाच्या गाठीतले नवखे तुकडे वाचून त्याच्यापुरती एमआरएनए लस बनवण्याच्या चाचण्या सुरू आहेत. डेंड्रिटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी इतर उपचारांबरोबर आपल्याच डेंड्रिटिक पेशींच्या प्रायोगिक लसी घेतल्या आणि निदानानंतर चार वर्षांहून अधिक जगले. लसींमुळेच का, हे एका माणसावरून ठरत नाही. २०११चं नोबेल जाहीर झालं, त्याच्या तीन दिवस आधी ते गेले. समितीला ते ठाऊक नव्हतं. नियमाने मरणोत्तर नोबेल देत नाहीत, पण त्यांचं कायम ठेवलं गेलं.

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या, काढे, पावडरी घेऊ का?

एवढं वाचल्यावर प्रश्नच उलटा विचारावासा वाटेल: यातली कोणती पेशी वाढवायची? मारक टी-पेशी, की त्यांना आवरणारी? गिळणारी मॅक्रोफेज, की गाठीला रक्तवाहिन्या बांधून देणारी? बाटलीवर हे लिहिलेलं नसतं. अशा कोणत्याही पावडरीने गाठ आकसल्याचा भरवशाचा पुरावा नाही. काही वनस्पतींच्या अर्काने यकृताला इजा होते, आणि इम्युनोथेरपी चालू असताना यकृताची तपासणी बिघडली की दोष कुणाचा हे शोधण्यात आठवडे जातात. घेत असाल तर लपवू नका, एवढी तरी मेहेरबानी डॉक्टरांवर करा.

अँटिबायोटिकचं मात्र खरोखर महत्त्व दिसतं. आतड्यातले जिवाणू आणि इम्युनोथेरपीचा परिणाम यांचा संबंध २०१८ मध्ये अनेक गटांनी दाखवला. उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्यांत परिणाम कमी दिसला. गरज असेल तर ती घ्यायलाच हवीत. साध्या सर्दीसाठी नकोत.

कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला होतो का?

जवळ बसून, जेवून, शुश्रूषा करून नाही. दुसऱ्याची पेशी अंगात गेली तरी तिचा एचएलए वेगळा असतो, प्रतिकारपेशी तिला हाकलतात. टास्मानियन डेव्हिल या प्राण्यांमध्ये मात्र चावल्यातून पसरणारा चेहऱ्याचा कॅन्सर आहे. तो १९९६ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला. त्या गाठीच्या पेशी एचएलएसारखे रेणू मांडतच नाहीत, म्हणून त्या परक्या आहेत हे कळत नाही.

उपचार थांबवल्यावर परिणाम टिकतो का?

ज्यांना लागू पडतो, त्यांच्यात बऱ्याचदा टिकतो. केमोचं औषध शरीराबाहेर गेलं की त्याचं काम संपतं; टी-पेशी मात्र स्मृती ठेवतात. पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण पूर्वी वर्षभरही जगत नसत. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिलेल्या गटाचे १० वर्षांचे आकडे २०२४ मध्ये आले: ४३ टक्के रुग्ण हयात होते. त्यातल्या अनेकांचा उपचार केव्हाच थांबलेला होता, काहींचा तर दुष्परिणामांमुळे पहिल्या काही महिन्यांतच थांबवावा लागला होता.